घर ते शाळा हवाई अंतर स्वतः काढा: आरटीईचा अर्ज, दहावीचं पायथागोरस आणि एक वही

माझ्या मोठ्या मुलाचा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेतल्या राखीव जागेसाठीचा, अर्ज बाद झाला तो कागदपत्रांमुळे नाही. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावून नेलं होतं. बाद झाला तो नकाशावरच्या एका बलूनमुळे, म्हणजे घराची जागा दाखवणाऱ्या खुणेमुळे. सायबर कॅफेतल्या मुलाने आमच्या गल्लीचं नाव टाकलं आणि बलून जिथे पडला तिथेच राहू दिला. पडला होता खाली नाक्यावर. आमचं घर भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, नाक्यापासून चांगलं चारशे मीटर वर. अर्जात शाळा एक किलोमीटरच्या आत दिसली, सोडतीत नंबर लागला, पेढे वाटून झाले, आणि पडताळणीच्या टेबलावर लाईट बिलावरचा पत्ता आणि नकाशातली जागा जुळेना. समोरच्या बाईंनी फॉर्म उलटा करून बाजूला ठेवला. बस.

धाकटीच्या वेळी मी कॅफेत जायच्या आधी घरीच वही घेऊन बसले. दोन जागांमधलं सरळ अंतर काढायला दहावीच्या भूमितीपलीकडे काही लागत नाही, हे तेव्हा कळलं. तिचा प्रवेश झाला. आता अर्जाचे दिवस आले की आमच्या ओट्यावर संध्याकाळी चार-पाच आया मोबाईल घेऊन बसलेल्या असतात. त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार अगदी नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क)प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन भरायचा, गुगल मॅपवर घराची जागा बलूनने दाखवायची, आणि १ किलोमीटर, ३ किलोमीटर अशा टप्प्यांतल्या जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या. हे अंतर ‘हवाई’ असतं. बलून जास्तीत जास्त पाच वेळाच निश्चित करता येतो, अशी सूचना मी भरलेल्या अर्जात होती. म्हणजे ‘टाकून बघू’ला फार जागा नाही. सूचना वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं पत्रक आधी पूर्ण वाचा. हिशेब मात्र बदलत नाही.

काय काय जवळ हवं

- इंटरनेट असलेला मोबाईल, त्यात गुगल मॅप आणि कॅलक्युलेटर
- वही-पेन (मोबाईलच्या नोट्समध्ये लिहू नका, आकडे चुकून पुसले जातात, माझे गेलेत)
- पत्त्याचा जो पुरावा अर्जाला जोडणार तोच: रेशनकार्ड, आधार किंवा लाईट बिल. भाड्याने राहत असाल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केलेला, अर्जाच्या तारखेआधीचा भाडेकरार. साध्या स्टॅम्प पेपरवर एजंटने करून दिलेला चालत नाही. कितीतरी जण इथे अडकतात.
- ज्या शाळा मनात आहेत त्यांची यादी

१. हवाई अंतर म्हणजे काय ते आधी डोक्यात बसवा

आपल्याकडे ‘शाळा किती लांब?’ विचारलं की ‘चालत दहा मिनिटं’ किंवा ‘शेअर रिक्षाचं एक सीट’ असं उत्तर येतं. अर्जाला या दोन्हींशी घेणं नाही. कावळा तुमच्या पत्र्यावरून उडाला आणि वळण न घेता थेट शाळेच्या गच्चीवर बसला तर जेवढा उडेल, तेवढं हवाई अंतर. मध्ये नाला असो, रेल्वे लाईन असो, सोसायटीची भिंत असो, त्याला काय.

म्हणून गुगल मॅपवर ‘दिशानिर्देश’ दाबून जे अंतर येतं ते इथे वापरू नका. ते रस्त्याचं अंतर. बहुतेक आया हीच चूक करतात आणि नियमात बसणारी शाळा ‘लांब आहे’ म्हणून आपणच सोडून देतात.

२. घराचा बिंदू घ्या

मॅपमध्ये आपलं घर शोधून त्यावर बोट दाबून धरा. लाल खूण उमटते आणि दोन आकडे मिळतात. पहिला अक्षांश, मुंबईत तो १८.९ ते १९.३ च्या आसपास. दुसरा रेखांश, ७२.८ किंवा ७२.९ने सुरू होणारा. दोन्ही वहीत उतरवा.

इथे घाई करू नका. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा आहे.

आपण कुठे आहोत ते दाखवणाऱ्या मॅपवरच्या निळ्या ठिपक्यावर आंधळा विश्वास नको. चाळीच्या बोळात, पत्र्याखाली किंवा उंच इमारतींच्या खोबणीत तो वीस-तीस मीटर सहज सरकतो. माझा ठिपका घरात बसल्यावर मागच्या गटाराच्या पलीकडे दाखवतो. दाराबाहेर मोकळ्यावर या, मिनिटभर थांबा, मग उपग्रहाचा फोटो लावून आपलं छप्पर डोळ्यांनी ओळखा. आमच्याकडे सगळे पत्रे निळ्या ताडपत्रीने झाकलेले, तेव्हा मी पाण्याची काळी टाकी धरून मोजत आले: टाकी, तिच्या डावीकडे तिसरं छप्पर, ते माझं.

गल्लीचं नाव टाकून शोधू नका. एका नावाच्या चार गल्ल्या, तीन टेकड्या आणि दोन नगरं एकाच वॉर्डात सापडतात. माझा अर्ज त्यातच गेला.

दशांशानंतर पाच आकडे घ्या. पाचवा आकडा एकाने बदलला तर जमिनीवर साधारण एक मीटर सरकतो; तिसरा बदलला तर एकशे दहा मीटर. १९.१५ एवढंच लिहिणं म्हणजे ‘भांडुपात कुठेतरी’ म्हणण्यासारखं आहे.

आणि हा सापळा तर शिकलेल्यांनाही पकडतो. काही ॲप १९°०९'०९" असं अंश-मिनिट-सेकंदांत दाखवतात. ते १९.०९०९ नव्हे! मिनिटांना ६०ने आणि सेकंदांना ३६००ने भागायचं: ९ भागिले ६० म्हणजे ०.१५, ९ भागिले ३६०० म्हणजे ०.००२५, मिळून १९.१५२५. थेट १९.०९०९ लिहिलंत तर भांडुपचं घर जवळजवळ सात किलोमीटर दक्षिणेला, घाटकोपरच्या अक्षांशावर जाऊन बसतं.

३. शाळेचा बिंदू घ्या

इथे तुमचं मत चालत नाही. अर्जाच्या नकाशात शाळेची जी खूण आहे तीच घ्यायची. तुम्ही रोज बघता ते गेट आणि ती खूण यांत मोठ्या आवाराच्या शाळेत पन्नास मीटरचा फरक निघू शकतो. एका संस्थेच्या दोन माध्यमांच्या, दोन बोर्डांच्या शाळा एकाच आवारात असतील तर नाव पूर्ण वाचून घ्या.

४. वजाबाकी करा

अक्षांशातून अक्षांश, रेखांशातून रेखांश. उदाहरणाला हे दोन बिंदू घेऊ. (आकडे मुद्दाम इकडेतिकडे केलेत, कुणाचं घर शोधत येऊ नका.)

घर: १९.१५२६२, ७२.९३१०४
शाळा: १९.१४६८५, ७२.९३७४२

अक्षांशांतला फरक ०.००५७७
रेखांशांतला फरक ०.००६३८

मोठ्यातून लहान वजा करा. उलटं झालं आणि ऋण चिन्ह आलं तरी घाबरू नका, पुढे वर्ग केल्यावर ते आपोआप जातं.

५. अंशांचे मीटर करा

लोक चुकतात ते इथे. अंश म्हणजे कोन, लांबी नव्हे, त्यामुळे अंशांचेच वर्ग करून बेरीज केली तर निघालेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

मुंबईच्या पट्ट्यात एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास ११०.७ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे जवळपास १०५.३ किलोमीटर. दोन्ही सारखे का नाहीत? रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर सगळ्यात लांब लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. आपण विषुववृत्ताच्या १९ अंश वर, म्हणून पूर्व-पश्चिम माप थोडं आखडतं. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत हेच आकडे चालतात; जो फरक पडतो तो हजारात दोन-तीनचा.

डोक्यात ठेवायला सोपं करून सांगते. दशांशचिन्ह काढून टाका, पाच आकडी फरक पूर्ण संख्या समजा. मग उत्तर-दक्षिण फरकाला १.१०७ने गुणा आणि पूर्व-पश्चिम फरकाला १.०५३ने. उत्तर थेट मीटरमध्ये.

५७७ × १.१०७ = ६३९ मीटर (उत्तर-दक्षिण)
६३८ × १.०५३ = ६७२ मीटर (पूर्व-पश्चिम)

दोन्हींना एकाच आकड्याने गुणलं तर? मी पहिल्यांदा तेच केलं होतं. या उदाहरणात शेवटचं उत्तर २५ मीटरने जास्त येतं. शाळा ९९० मीटरवर असती तर तेवढ्याने हातची गेली असती.

६. आता पायथागोरस

दहावीच्या गणित भाग २मधला दुसरा धडा आठवा: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. वर्गात हे पाठ केलं तेव्हा त्याचा कर्ण कधी आपल्या दारातून शाळेत जाईल असं वाटलं नव्हतं.

‘पण आमच्या गल्लीत काटकोन कुठाय?’ असं शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे एक भिंत दुसरीला धड टेकत नाही. काटकोन गल्लीत नाही, नकाशाच्या जाळीत आहे. अक्षांशाची रेषा पूर्व-पश्चिम जाते, रेखांशाची उत्तर-दक्षिण, आणि त्या एकमेकींना काटकोनातच छेदतात. घरातून सरळ दक्षिणेला ६३९ मीटर जा, तिथे काटकोनात पूर्वेला वळून ६७२ मीटर जा, शाळा आली. या दोन बाजू. घर ते शाळा थेट रेषा हा कर्ण. रस्ते कसेही वाकडे असू देत, हा त्रिकोण कायम सरळच असतो.

६३९ × ६३९ = ४,०८,३२१
६७२ × ६७२ = ४,५१,५८४
बेरीज = ८,५९,९०५
वर्गमूळ = सुमारे ९२७ मीटर

शाळा एक किलोमीटरच्या आत.

मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर वर्गमूळाचं चिन्ह दिसत नसेल तर फोन आडवा करा, बऱ्याच फोनमध्ये तेव्हा ते उघडतं. आणि खरं सांगू, वर्गमूळाची गरजच नाही. तुम्हाला अंतर नकोय, आत आहे की बाहेर एवढंच हवंय. एक किलोमीटर म्हणजे १,००० मीटर, त्याचा वर्ग १०,००,०००. वर्गांची बेरीज दहा लाखांच्या आत असली की शाळा एक किलोमीटरच्या आत. तीन किलोमीटरसाठी हाच आकडा ९०,००,०००. ओट्यावर मी ‘दहा लाख, नव्वद लाख’ एवढंच पाठ करून घेते. आमच्या समोरच्या आजींना आता हे आकडे रेशनच्या तारखेसारखे तोंडपाठ आहेत.

नेहमीच्या चुका दोन. एक, आधी बेरीज आणि मग वर्ग. तसं केलं तर उत्तर ६३९ + ६७२, म्हणजे १,३११ मीटर येतं आणि शाळा बाहेर पडते. दुसरी, वर्ग करण्याऐवजी दोनाने गुणणं. हसू नका, घाईत होतं.

७. उत्तर शहाणं आहे का बघा

कर्ण नेहमी मोठ्या बाजूपेक्षा मोठा आणि दोन्ही बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो. आपला ९२७ हा ६७२ आणि १,३११ यांच्या मध्ये आहे, ठीक. शिवाय तो मोठ्या बाजूच्या सुमारे १.४१ पटीपेक्षा जास्त कधीच होत नाही. यात बसलं नाही तर वजाबाकीपासून पुन्हा करा.

रीत पटत नसेल तर एकदा मोठ्या अंतरावर वापरून बघा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून (आजच्या सीएसएमटीच्या जागेहून) ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, ते अंतर ३४ किलोमीटर. सीएसएमटी साधारण १८.९४०, ७२.८३५ आणि ठाणे स्टेशन १९.१८६, ७२.९७६. उत्तर-दक्षिण बाजू २७.२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १४.८, कर्ण सुमारे ३१. रूळ वळसे घेत जातात ते तीन किलोमीटर जास्त. एवढ्या अंतरावरही पृथ्वीच्या गोलाईने काही बिघडत नाही, मग घर ते शाळेत काय बिघडणार.

८. मॅपकडून पडताळा

घरावर बोट दाबून खूण करा, खालच्या पट्टीतून ‘अंतर मोजा’ निवडा, मधला गोल शाळेवर सरकवा. सरळ रेषेतलं अंतर दिसतं. वहीतल्या उत्तराशी पाच-दहा मीटरच्या आत जुळलं की झालं.

‘मग हेच आधी का नाही केलं?’ असं कुणीतरी विचारतंच. करा की. पण मोबाईलवर बोट जाड आणि छप्पर बारीक, कुठल्या बिंदूपासून मोजलं ते नंतर सांगता येत नाही. वहीत दोन्ही बिंदू लिहिलेले राहतात, आणि पडताळणीच्या टेबलावर ‘मॅपवर दिसलं होतं’पेक्षा लिहिलेले आकडे समोर ठेवलेले बरे.

९. डोंगरावर राहणाऱ्यांसाठी

आमच्यासारखे चढावर राहणारे हमखास विचारतात, उंचीचं काय? नकाशा सपाट असतो, तो चढ धरत नाही. धरला तरी किती फरक पडतो ते त्याच प्रमेयाने बघा. घर शाळेपेक्षा ६० मीटर उंच असलं तर ८,५९,९०५ मध्ये ६०चा वर्ग म्हणजे ३,६०० मिळवा. वर्गमूळ ९२९. रोज पायऱ्या चढून गुडघे गेले तरी हिशेबात फक्त दोन मीटर.

१०. काठावरची शाळा

९५० ते १,०५० मीटरच्या मध्ये उत्तर आलं तर मी त्याला काठावरचं म्हणते. नियमात असं काही नाही, ही माझी सवय. अशा वेळी घराचा बिंदू वेगवेगळ्या वेळी तीनदा घ्या, शाळेची खूण पुन्हा बघा, आणि त्या एकाच शाळेवर भिस्त ठेवू नका. बलून थोडा शाळेकडे सरकवायचा मोह होतो, ‘वीस मीटरनं काय होतंय’ म्हणून. सरकवू नका. पत्त्याचा पुरावा आणि बलून यांची गाठ पडताळणीत पडते, आणि तोवर सोडतीत लागलेल्या नंबराची सवय झालेली असते.

११. यादी करण्याआधी एकदा चालून या

हे अर्जात कुणी सांगत नाही. हवाई अंतराने जवळची शाळा पायाखाली भलतीकडे निघू शकते, आणि मुंबईत तर रेल्वे लाईनमुळे हे सारखं होतं. आमच्या एका शेजारणीने पूर्वेकडची शाळा यादीत पहिली टाकली होती. हवाई अंतर सातशे मीटर. पण रूळ ओलांडायला स्टेशनचा पूल, म्हणजे आधी खाली स्टेशनपर्यंत जा, गर्दीच्या वेळी पायऱ्या चढा-उतरा, आणि पलीकडे तेवढंच परत मागे या. मुलीचं दप्तर, डबा आणि कडेवर धाकटा घेऊन ती पहिल्याच दिवशी पस्तीस मिनिटांनी पोचली. त्याच यादीत खाली अकराशे मीटरवरची एक शाळा होती, रस्ता सरळ, वाटेत एकच सिग्नल.

म्हणून वहीत प्रत्येक शाळेपुढे दोन रकाने करा. एकात हवाई मीटर, दुसऱ्यात सकाळी सातच्या सुमारास स्वतः चालून लागलेली मिनिटं. शाळा कुठल्या टप्प्यात बसते ते पहिला रकाना सांगेल. पसंतीचा क्रम दुसऱ्यावर ठरवा.

१२. वहीचं पान सांभाळा

दोन्ही बिंदू, दोन्ही बाजू, वर्गांची बेरीज आणि तारीख एका पानावर. बलून निश्चित केलेल्या नकाशाचा स्क्रीनशॉट. दोन्हींची झेरॉक्स काढून लाईट बिलाला टाचून ठेवा. फॉर्म कॅफेतून भरणार असाल तर तिथल्या मुलाला गल्लीचं नाव सांगू नका, वही पुढे सरकवा, अक्षांश-रेखांश बघून बलून त्या जागी आणायला सांगा, आणि तो ‘निश्चित करा’ दाबायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून टाकीच्या डावीकडचं तिसरं छप्पर आपलंच आहे ना ते बघून घ्या.